ता. क. मध्ये लपलेलं पत्र

"प्रिय बाई,

सलाम. मी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, वय ४७. मुलींच्या बोर्डिंगात एकोणीस वर्षं स्वयंपाकाला आहे. साठ मुलींच्या भाकऱ्या आम्ही दोघी जणी चुलीवर करतो. आमच्या चर्चच्या पाळकांकडे तीन गावं आहेत, म्हणून आमच्याकडे ते दुसऱ्या आणि चौथ्या रविवारीच येतात. बाकीच्या रविवारी एक रिटायर मास्तर उपासना चालवायचे. पावसाळ्यात त्यांना लकवा झाला. आता पाळकसाहेब म्हणतात, मास्तरांच्या जागी तुम्ही उभ्या राहा, संदेशही तुम्हीच द्या, हे देवाचं पाचारण समजा. मी नववी नापास. गेल्या महिन्यात मला शास्त्रपाठ वाचायला लावला, तर नबुखद्नेस्सर म्हणता येईना. तरुण पोरं तोंडावर हात धरून हसली. मी स्वयंपाकीण. लोक माझ्या हातचं खातील, पण माझं ऐकतील का? दोन-तीन घरं तर म्हणतात, बाईमाणसाने पुलपिटवर चढूच नये. रात्री प्रार्थनेला बसते तेव्हा मात्र वाटतं, नाही म्हणू नये. पण मी त्या लायकीची नाही. काय करू?

एक बहीण

ता. क. माझी धाकटी जाऊ याच मंडळीत आहे. सासूबाईंच्या पाटल्यांवरून आमची बोलाचाली झाली त्याला नऊ वर्षं झाली. बोलणं नाही. प्रभुभोजनाला मी पुढे जात नाही, गुडघा दुखतो म्हणून सांगते."

प्रिय ताई,

सलाम. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा नुसतंच वाचलं. दुसऱ्यांदा कागद उलटून पाहिला, तर मागे तुमच्याच हातचा हिशेब: तूरडाळ, गोडेतेल, मीठ, मिरची, समोर आकडे, खाली बेरीज, बेरजेखाली दोन रेघा. तिसऱ्यांदा मी ता. क. पासून सुरुवात केली आणि वर वर वाचत गेले. तसं वाचलं की हे पत्र वेगळंच दिसतं. वरचा मजकूर तुम्ही मला दाखवायला लिहिला. खरं पत्र त्या खालच्या चार ओळींत आहे.

पण आधी वरचं घेऊ, कारण तेही खोटं नाही.

बायबलातल्या निर्गमाचा तिसरा आणि चौथा अध्याय तुम्ही शंभर वेळा ऐकला असेल. मोशे, जळतं झुडूप, पायातल्या वहाणा. त्यावर आपल्याकडे इतके संदेश झालेत की झुडूप म्हटलं की लोक घड्याळ बघतात. तरी या आठवड्यात एकदा वाचा, आणि झुडपाकडे लक्ष न देता फक्त मोशेच्या सबबी मोजा. पाच आहेत. मी कोण जाणार? तुझं नाव काय म्हणून सांगू? त्यांनी विश्वास ठेवला नाही तर? मला बोलता येत नाही, माझी जीभ जड आहे. आणि शेवटी सगळी कारणं संपल्यावर सरळच: दुसऱ्या कुणाला तरी पाठव. वय तेव्हा ऐंशी. सासऱ्याची मेंढरं राखत होता. तुम्ही म्हणता मी स्वयंपाकीण. तो घरजावई होता.

देवाने पहिल्या चार सबबींना शांतपणे उत्तरं दिली. राग आला तो पाचवीला. म्हणजे, ताई, भीती वाटण्याला देवाची हरकत दिसत नाही. जीभ जड असण्यालाही नाही. पण एक गोष्ट त्याने अजिबात केली नाही. 'मी कोण?' असं मोशेने विचारलं तेव्हा 'अरे, तू राजवाड्यात वाढलेला, शिकलेला माणूस, तुला जमेल' असं देव म्हणाला नाही. म्हणता आलं असतं, खरंही होतं. तो म्हणाला, मी तुझ्याबरोबर असेन. प्रश्न मोशेबद्दल होता, उत्तर मोशेबद्दल नव्हतंच. म्हणून मीही तुम्हाला 'तुम्ही लायक आहात' असं सर्टिफिकेट देणार नाही. मला तुम्ही ठाऊक नाही. आणि ते दिलं तरी पुढच्या रविवारी कुणी हसलं की ते फाटेल.

आता या गोष्टीतला एक तुकडा, जो माझ्या लक्षात फार उशिरा आला. मोशेने पाच सबबी सांगितल्या, पण तो मिसरातून का पळाला, हे एकदाही बोलला नाही. त्याने एका मिसरी माणसाला मारून वाळूत पुरलं होतं. जीभ जड आहे हे सांगितलं, वाळूतला माणूस सांगितला नाही. आणि सगळं बोलणं संपल्यावर, निघायच्या वेळी, देव आपण होऊन म्हणतो: जा मिसरात परत, तुझ्या जिवावर उठलेले सगळे आता मेले आहेत. ते कोणी विचारलंच नव्हतं! पण खरा प्रश्न तोच होता आणि देवाला तो ठाऊक होता.

तुमच्या पत्रातला वाळूतला माणूस ता. क. मध्ये आहे. मोशेपेक्षा तुम्ही बऱ्या, निदान लिहिलंत तरी. त्याच्याकडे येते. पण आधी माझंही एक सांगते, नाहीतर उपदेश करणारी बाई म्हणून तुम्ही मला बाजूला ठेवाल.

मी ३८ वर्षांची होते, प्राथमिक शाळेत शिक्षिका. आमच्या मंडळीची रविवार शाळा चालवायला मला सांगितलं. मी म्हटलं, माझी तेवढी योग्यता नाही. लोकांना वाटलं, काय नम्र बाई आहे! हे मी तीन वर्षं म्हटलं. खरं कारण एवढंच होतं की मंडळीत एक साहेबांची बायको होती, तिचं इंग्रजी फाडफाड, आणि तिची दोन मुलं त्या रविवार शाळेत होती. माझा एखादा उच्चार चुकला आणि मुलांनी घरी जाऊन सांगितलं तर? बस्स. याला मी तीन वर्षं नम्रता म्हणत होते. तोवर अकरा मुलांची सहा झाली, सहाची तीन झाली, आणि एका ईस्टरनंतर वर्गाच्या दाराला जे कुलूप लागलं ते लागलंच. त्या मुलांपैकी दोघं अजून कधीतरी बाजारात भेटतात, 'नमस्ते टीचर' म्हणतात, आणि माझ्या पोटात कालवतं. त्या साहेबीणबाई तर त्यानंतर वर्षभरातच बदली होऊन गेल्या.

म्हणून 'मी लायक नाही' हे वाक्य कुणी म्हटलं की मी लगेच हळवी होत नाही. त्या वाक्याच्या पोटात कधी खरी नम्रता असते, कधी हसं होण्याची भीती, कधी शुद्ध आळस, आणि कधी असं काही असतं जे सांगायला जीभ रेटत नाही. तुमच्या बाबतीत मला दुसरं आणि चौथं दिसतं. आळस दिसत नाही. साठ मुलींच्या भाकऱ्या थापणाऱ्या बाईला आळशी कोण म्हणेल?

एक गोष्ट पाळकसाहेबांनाही ऐकवायची आहे, त्यांच्या हाती हे पडलं तर पडो. रिकामी खुर्ची भरायची असली की 'पाचारण' हा शब्द फार सोपा पडतो. तीन गावांना मिळून एक पाळक, मास्तर अंथरुणावर, रविवार तोंडावर. अशा वेळी जो सापडेल त्याला देवाने बोलावलं असं म्हणायची आपल्याकडे सवय आहे. त्या नावाखाली पुष्कळ साध्या माणसांना, विशेषतः बायकांना, आपण फुकट राबवलं आहे. तेव्हा हे तपासून घेण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. शमुवेल तीनदा चुकून एलीकडे धावला. हाक देवाची आहे हे पोराला कळलं नव्हतं, ते ओळखलं डोळे अधू झालेल्या म्हाताऱ्या एलीने. हाक आपली आपल्याला कळते असं नाही, कधी ती दुसऱ्याला आधी ऐकू येते. म्हणून दोन माणसांना विचारा. एक असं, जे तुमच्यावर माया करतं पण तोंडावर खरं बोलतं. दुसरे मास्तर. लकव्याने त्यांची जीभ जड झाली असेल, कान तर शाबूत असतील. त्यांच्या खाटेपाशी बसून विचारा, मास्तर, तुमच्या जागी मी उभी राहू का? त्यांनी नुसती मान हलवली तरी ती तुम्हाला पाळकसाहेबांच्या बोलण्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल. शिवाय त्यांना कोणी काही विचारायला आलं, याचंच त्यांना किती वाटेल!

तुम्ही रात्रीच्या प्रार्थनेबद्दल लिहिलंत, की तेव्हा नाही म्हणू नये असं वाटतं. ते मी हलकं धरत नाही. माझ्या अनुभवात नुसती हौस असली की ती चार दिवसांत उतरते. जे नको म्हणूनही परत येऊन बसतं, त्याच्याकडे लक्ष द्यावं.

आता नववी नापास. हे मी भराभर उरकणार आहे, कारण हे कारण मोठं वाटतं पण आत पोकळ आहे. विल्यम केरी चांभार होता. आपल्या मंडळीसमोर त्याने पहिला संदेश दिला तो ऐकून मंडळीने पसंती दिली नाही, आणखी थांब म्हणून सांगितलं. त्याच माणसाने पुढे १८११ साली मराठीत नवा करार छापला, श्रीरामपुरात. (बंगालमधलं श्रीरामपूर बरं का, आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे. आमच्याकडे एक गृहस्थ हयातभर बेलापूर रोडला केरीचा छापखाना शोधत होते.) आपल्या लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या, वाचायला शिकल्या त्या नवऱ्याकडून, म्हणजे कवी ना. वा. टिळकांकडून. १९१९ साली टिळक वारले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' थोडेच अध्याय होऊन अर्धवट राहिलेलं. इतक्या मोठ्या कवीच्या अर्धवट काव्याला हात कोण लावणार? लक्ष्मीबाईंनी लावला, आणि चौसष्ट अध्याय लिहिले. मास्तरांच्या जागी उभं राहायचं म्हणून तुमचे पाय कापतात ना, मग त्या बाईचे हात किती कापले असतील याचा विचार करा.

आणि वाचताना अडखळण्याबद्दल. तुमच्याआधी एका बाईने याचा फार विचार करून ठेवला आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. पण कानांनी दगा दिला, ऐकू येणं कमी होत गेलं आणि तो मार्ग बंद झाला. संस्कृतात पंडिता म्हणवलेली बाई. पण पुण्याजवळच्या केडगावात निराधार बायकांसाठी मुक्तिमिशन उभं राहिल्यावर त्यांना दिसलं की तिथल्या साध्या बायकांना पवित्र शास्त्राची भाषा जड जाते. तेव्हा उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं शास्त्र सोप्या मराठीत आणायला बसल्या. ते छापलं केडगावच्याच छापखान्यात, आणि खिळे जुळवायला तिथल्याच मुली आणि बायका. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या त्याच्या थोडंच आधी काम हातावेगळं झालं होतं. नववीपर्यंत शिकलेल्या बाईला वाचता यावं म्हणून त्या झिजल्या. मग तुम्ही 'मला वाचता येत नाही' म्हणून मागच्या बाकावर बसून राहिलात तर त्यांना काय वाटेल?

नबुखद्नेस्सरचं मात्र मला हसू आलं, माफ करा. दानीएलाचा तिसरा अध्याय वाचायला दिला असणार. त्यात तो राजा ओळीओळीला येतो, एकदा अडखळलं की सुटका नाही! पेन्सिलीने तोडून लिहा: न-बु-खद्-ने-स्सर. भाकरी थापताना दहादा म्हणा. आणि तरीही चुकलं तर चुकू द्या. पुढच्याच अध्यायात तो बैलासारखा गवत खात हिंडतो. त्याच्या नावाची फार इज्जत राखायला नको.

हसणाऱ्या पोरांपैकी जो सगळ्यात मोठ्यांदा हसला, त्यालाच शास्त्रपाठ वाचायला द्या. मोशेला त्याच्या वतीने बोलायला भाऊ अहरोन दिला होता, तसा. बोट दाखवून नाही, खरंच मदत म्हणून मागा. 'बाळा, मला नावं जड जातात, तू वाचशील का?' एवढं म्हटलं की निम्म्या वेळा पोरगं विरघळतं. उरलेल्या निम्म्या वेळा ते स्वतःच यहोशाफाटावर अडकतं.

बाईने पुलपिटवर चढू नये, असं म्हणणाऱ्या घरांशी वाद घालू नका. पौलाचं 'स्त्रियांनी गप्प राहावे' ते लोक दाखवतील. त्याच पौलाने रोमकरांस पत्र संपवताना फिबी या बहिणीची शिफारस केली आहे, आणि अपुल्लोसारख्या पंडिताला घरी नेऊन नीट समजावून सांगणाऱ्यांत प्रिस्किल्ला होती, ही तुमच्या माहितीसाठी. पण हा वाद तुमचा नाही, पाळकांचा आणि कमिटीचा आहे. तुम्हाला उभं केलंय त्यांनी, उत्तरही त्यांनी द्यावं. आणि हे आधीच स्पष्ट करून घ्या. त्याचबरोबर सांगा की मी सहा महिने करून बघते, नंतर पुन्हा बसून बोलू. पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी सकाळी बोर्डिंगच्या चुलीपुढे कोण बसणार, याची व्यवस्था पाळकसाहेबांनी बोर्डिंगच्या बाईंशी बोलून करावी. पहाटे चारला उठून साठ जणींचा नाश्ता करायचा आणि आठला पुलपिटवर, असलं पाचारण देवाचं नसतं, ती गैरसोय असते. महिन्यात पाचवा रविवार येतो तेव्हाचं काय, हेही विचारून ठेवा. तो हमखास तुमच्या गळ्यात पडतो.

आता ता. क.

पाटल्या कुणाकडे आहेत हे तुम्ही लिहिलं नाहीत. मला ते विचारायचंही नाही. नऊ वर्षांत त्या सोन्याचा भाव किती वाढला असेल हे तुमच्या दोघींच्याही मनात आहे, ते मला न विचारताही कळतं. मला जास्त लागलं ते गुडघ्याचं. प्रभुभोजनाच्या वेळी प्रभूची भाकर घ्यायला सगळी मंडळी पुढे जाते, आणि जी बाई रोज साठ पानं वाढते ती एकटी मागे बसते, गुडघा चोळत. नऊ वर्षं! पाळकसाहेबांना गुडघा खरा वाटला असेल. तुमच्या जावेला मात्र पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे की गुडघ्याला काही झालेलं नाही.

पर्वतावरच्या प्रवचनात येशूने सांगितलं आहे की अर्पण घेऊन वेदीपाशी आलास, आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं तिथे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. हे वाक्य मी फार वर्षं चुकीचं ऐकत होते. मला वाटायचं, माझ्या मनात राग असेल तर. तसं नाही. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध असेल तर. चूक कुणाची, पाटल्या कुणाच्या, आधी कोण बोललं, यातलं काहीच त्यात नाही. आणि दुसरं, 'अर्पण तिथेच ठेव' म्हटलंय, 'परत घरी ने' म्हटलेलं नाही. ते वेदीसमोर तुमची वाट बघत थांबतं. तुमचं पुलपिटही तसंच थांबेल. दोन-तीन आठवडे तुमच्या गावाला नुसती भजनं म्हणून उपासना करता येईल. टिळकांची पदं तुमच्या मंडळीला पाठ असतीलच.

तेव्हा पाळकांना हो किंवा नाही सांगण्याआधी जावेच्या दारी जा. आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, दुपारी, पुरुष घरी नसताना. पाळकांना बरोबर नेऊ नका, मध्यस्थ आला की दोघी वकील होतात. पाटल्यांचा विषय तुम्ही काढू नका. पहिलं वाक्य मी तुम्हाला सांगत नाही, पण त्यात 'तू' नसावं, 'मी' असावं. त्या दिवशी तुम्ही जे बोललात त्यातलं एखादं वाक्य तुम्हाला अजून झोपू देत नसेल. प्रत्येक भांडणात एक तसं असतं. तेवढ्या एका वाक्याची माफी मागा. अख्ख्या भांडणाची मागू नका. ती मागितली की ती खोटी होते, आणि पुढच्याला हिशेब काढायला जागा मिळते.

तिने दार लावून घेतलं तर? लावेलही. नऊ वर्षं तिनेही काही कमी सोसलेलं नसेल. मग तुम्ही परत या, आणि दुसऱ्या रविवारी गुडघा न चोळता प्रभुभोजनाला उठा. पौलाने सर्वांशी शांतीने राहा म्हणताना आधी 'तुमच्याकडून होईल तितकं' अशी सवलत घातली आहे. शहाणा माणूस होता, त्याला मंडळ्या ठाऊक होत्या. तिने माफ केलं तरच तुम्ही देवाच्या कामाच्या, असं नाही. तुमचं येणं-जाणं तिच्या दारापर्यंत तुमच्या हातात आहे, दाराच्या आतलं नाही. फक्त पाळकसाहेबांना खरं सांगा. गुडघ्याचं सांगा. ज्या माणसाने तुम्हाला बोलावलं त्याला अर्धवट माहितीवर हो म्हणू नका.

आणि एक सक्त ताकीद. पुढे कधीतरी तुम्ही पुलपिटवर उभ्या असाल आणि जाऊ समोर बसलेली असेल, तेव्हा क्षमेवर संदेश देऊ नका. निदान वर्षभर तरी नाही. मी पाळकघराण्यातली आहे, पुलपिटवरून टोमणे कसे मारले जातात हे मी आईच्या मांडीवरून ऐकलंय. देवाचं वचन पुढे करून जावेला बोलायचा मोह फार गोड असतो.

एवढं सगळं करूनही तुम्ही पाळकसाहेबांना नाही म्हणालात, तर मला वाईट वाटणार नाही. पण तेव्हा 'मी लायक नाही' असं म्हणू नका. 'मला हे करायचं नाही' म्हणा, किंवा 'मला झेपणार नाही' म्हणा. ही दोन्ही सरळ वाक्यं आहेत, माणसाला अशी म्हणता यायला हवीत.

हो म्हणालात तर पहिला संदेश सात-आठ मिनिटांचा पुरे. लोकांनी आजवर छोट्या संदेशाबद्दल तक्रार केल्याचं मी ऐकलेलं नाही. वही घेऊन उभ्या राहू नका, कागदाला चिकटलं की डोळे वर येत नाहीत. गुरुवारी तोच उतारा मास्तरांच्या खाटेपाशी मोठ्याने वाचा. ते कुठे भुवया उंचावतात तेवढं बघा.

उतारा कुठला, तर माझं ऐकाल का? मोशे घेऊ नका. योहानाचा एकविसावा अध्याय घ्या. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलंय, तेही कोळशाच्या शेकोटीपाशी हात शेकत. पुनरुत्थान झालंय तरी तो परत मासे धरायला निघालाय, सगळी रात्र जाळं रिकामं. पहाटे किनाऱ्यावर कोणीतरी उभा दिसतो. हे लोक काठाला लागतात तर तिथे निखारे पेटलेले, त्यावर मासे घातलेले, भाकरही आहे. प्रभूने स्वतः स्वयंपाक करून ठेवलाय. त्याच्याकडे मासे आहेतच, तरी तो म्हणतो, तुम्ही आत्ता धरले त्यातले थोडे आणा. मग म्हणतो, या, न्याहारी करा. ज्याने दगा दिला त्याला आधी जेवायला घालतो, मग बाजूला घेऊन विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? तीन वेळा विचारतो, सोडत नाही. पण जेवण झाल्यावर.

या उताऱ्यावर मी आजवर किती संदेश ऐकले असतील! सगळे पुरुषांचे, सगळ्यांनी त्या एकशे त्रेपन्न माशांचे अर्थ लावले. ती चूल कोणी पाहिली नाही. ते लोक काठाला पोचायच्या आधी निखारे तयार होते, म्हणजे प्रभू कधीपासून तिथे फुंकर घालत बसला असेल? धुराने डोळे चुरचुरले असतील का? मासे आधी घातले की भाकर आधी भाजली? ओल्या वाळूत कोळसा धरतो का? हे एखाद्या थिऑलॉजी शिकलेल्या पाळकाला विचारा, तो पुस्तकं चाळत बसेल. तुम्ही एकोणीस वर्षं चुलीपुढे बसला आहात, तुम्ही बघताक्षणी सांगाल.

खरंच, कोळसा पेटून निखाऱ्यावर यायला किती वेळ लागतो, ते पुढच्या पत्रात कळवा. माझा जन्म स्टोव्ह आणि गॅसवर गेला. आणि जाऊ काय म्हणाली तेही लिहा, ता. क. मध्ये नको, पहिल्याच ओळीत.

तुमची,
बाई